पापुद्रा

सकाळी बावीस लेकरं माझ्यासमोर खिचडी खातात.
कोणी सांडतं, कोणी शेजारच्याच्या ताटलीतली ओढतं,
पण खातात.
मी वजनं लिहिते,
हिरव्या पट्ट्यात कोण, पिवळ्यात कोण.
मॅडम म्हणतात, पंचशीला,
तुझ्या अंगणवाडीतली गंजं कशी चाटूनपुसून रिकामी होतात!
मी नुसती हसते.
घरी माझा सुगत
ताटाकडे पाठ करून बसलेला असतो.

चार वर्षांचा आहे.
भात चालतो, पण वरणाचा थेंब त्यावर उडाला
की तो भात मेला.
आणि चालतो भाकरीचा पापुद्रा,
फुगून सुटलेला, कागदासारखा.
खालची भाकर तो परत करतो,
दुकानात पायाला न आलेली चप्पल
सरकवून द्यावी तशी.

रात्री सगळे जेवायला बसलो की कोर्ट भरतं.
दीर म्हणतो, "आमच्या टायमाले मीठ-मिरची भेटली
तरी आम्ही गपागपा खाऊ."
त्याच्या टायमाचं मला नणंदेनं सांगून ठेवलंय :
सात वर्षांचा होईस्तोवर हा वांग्याची एकेक बी वेचून
ताटाच्या काठावर रांग लावायचा.
नवरा मोबाइल धरतो समोर.
कार्टून लागलं की तोंड उघडतं,
घास आत जातो आणि गालात राहतो.
झोपेत मी बोट घालून काढलाय
बटाट्याचा तुकडा,
गार, अख्खा.

मी तरी कोणती शहाणी!
एकदा पाठीत धपाटा घातला.
दर महिन्याला आयांना मीच सांगते,
बाई, मारू नका, कोंबू नका,
तक्त्यावर पट्टी ठेवून.
त्या रात्री तक्त्यातली ती हसरी आई
माझ्याकडेच बघत राहिली.

परवा अंबाडी केली होती.
कण्या घालून घोटलेली, वरून लसणाचं तेल.
लाइन गेलेली, टॉर्च पिंपावर उभी.
मी आधीच सगळ्यांना दम भरला होता,
आज कोणी काही म्हणायचं नाही.
त्याच्या वाटीत चमचाभर वाढली
आणि आम्ही वेचणीवर बोलायला लागलो,
किलोमागे काय भाव, कोणाच्या वावरात किती बाया.
पाच मोठी माणसं
एका लेकराकडे न बघण्यात घामाघूम.
सासूबाईंचा हात दोनदा उठला,
दोनदा मांडीवर परत बसला.

सासरे जेवताना बोलत नाहीत.
त्यांनी आपल्या भाकरीचा पापुद्रा सोडवला,
मधून फाडला.
अर्धा अंबाडीत बुडवून खाल्ला.
अर्धा, कोरडा, ताटाच्या काठावर ठेवला
आणि कोणासाठी ते सांगितलं नाही.

सुगतनं तो ओढून घेतला.
मग वाटीकडे पाहिलं.
नाक जवळ नेलं. मागे घेतलं.
एक बोट घातलं,
आणि बोट जिभेला लावलं.
सगळा चेहरा गोळा झाला, कानसुद्धा हलले.
"आंबट हाय," तो म्हणाला,
तक्रार नाही, खबर दिल्यासारखं.
"व्हय. अंबाडी आंबटच रायते," सासरे म्हणाले,
आणि पाण्याचा गिलास उचलला.

खाल्ली नाही त्यानं. एक घास नाही.
कोरडा पापुद्रा खाल्ला, चार घास भात,
आणि कुत्रीच्या पिल्लांकडे पळाला.
काल मेथी होती,
तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

रजिस्टरात यासाठी रकाना नाही.
तरी शेवटच्या पानामागे पेन्सिलीनं
तारीख टाकली, नाव टाकलं,
पुढे लिहिलं : बोट लावलं.

मग जेवायला बसले.
टोपल्यात तीन भाकरी होत्या,
तिन्ही सोललेल्या.
कोणी कोणी सोलल्या, मी विचारलं नाही.